आधी कर्ज की आधी अन्नवस्त्र?



घरातला कर्ता माणूस गेला की दुःखाच्या पाठोपाठ कागद येतात. सोसायटीचा सचिव येतो. कृषी केंद्रवाला उधारीची वही घेऊन येतो. आणि ज्याच्याकडून हातउसने पैसे घेतल्याचं घरात कुणाला ठाऊकच नव्हतं, असाही एखादा येऊन बसतो. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं : आमचं आधी भागवा, मग तुमच्या खाण्यापिण्याचं बघा. बाई बिचारी मान हलवते. कारण कर्ज बुडवणं पाप, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं.

पण कायदा काय सांगतो? मागं राहिलेल्या जमीनजुमल्यातून बाईला जे अन्नवस्त्र मिळायचं असतं, त्याला घेणेकरी हरकत घेऊ शकतो का? घेणेकरी म्हणजे ज्याचं येणं आहे तो. बँक, पतसंस्था, सावकार, दुकानदार, कुणीही. आज आपण याच प्रश्नाबद्दल बोलू.

उत्तर कडू आहे, ते आधीच सांगून टाकतो. हो, हरकत घेऊ शकतो, आणि बऱ्याचदा जिंकतोही. मात्र त्याचा हक्क मयताच्या मालमत्तेपुरता असतो, त्यापलीकडे जात नाही. आणि वेळेवर एक कागद नीट केलेला असेल, तर त्या मालमत्तेतही बाईचा नंबर आधी लागू शकतो. तो कागद कोणता, ते पुढं सांगतो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. जमीन नवऱ्याच्याच नावावर असेल आणि त्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तुम्ही निर्वाह मागणाऱ्या नाही, तुम्ही वारस आहात. हिंदू वारसा कायद्यानुसार बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. जमीन सासऱ्यांच्या हातात पण वडिलोपार्जित असेल, तरी तुमच्या नवऱ्याचा त्यात हिस्सा असतो, आणि तो त्याच्या वारसांकडं येतो. अशा ठिकाणी ‘दोन वेळचं देऊ’ या शब्दावर समाधान मानू नका, हिस्सा मागा. गावोगाव आम्ही हेच बघतो की हिस्सेदार बाईला पोटगीवाली करून ठेवतात, आणि तीही ‘वाद नको’ म्हणून गप्प बसते.

आता पोटगीचा खरा प्रसंग. उदाहरणातल्या बाईला आपण सुमन म्हणू. सुमनचा नवरा गेला. त्याच्या नावावर काहीच नव्हतं. चार एकर जमीन सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली, त्यांच्याच नावावर. मुलं लहान. पंच बसले आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं की, सासरे सुमनला दरमहा तीन हजार रुपये आणि वर्षाला दोन क्विंटल ज्वारी देतील. सह्या झाल्या, चहा झाला, सगळे घरी गेले. पुढं सासरे वारले. त्यांनी जमीन मृत्युपत्रानं धाकट्या मुलाला दिली होती. दिरानं दोन महिने पैसे दिले, तिसऱ्या महिन्यात बंद केले.

सुमनचं काय? 1956 चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा तिच्या बाजूनं आहे. सासऱ्यांची मालमत्ता ज्याच्याकडं गेली, त्यानं त्या मालमत्तेतून सासऱ्यांवर अवलंबून असलेल्यांना पोसायचं असतं. त्या अवलंबितांमध्ये मुलाची विधवा येते. अटी दोनच : तिनं दुसरं लग्न केलेलं नसावं, आणि नवऱ्याच्या मालमत्तेतून किंवा मुलांकडून तिचं भागत नसावं. (आता आपण एकल महिला म्हणतो, पण कोर्टाच्या कागदात विधवा हाच शब्द येतो, म्हणून तोच वापरतो.) म्हणजे दिराला ‘माझा काय संबंध’ असं म्हणता येत नाही. जमीन घेतली, तर तिच्याबरोबर ही जबाबदारीही घेतली.

सुमन कोर्टात जाते. दीर वकील देतो. आणि तेवढ्यात तिसराच माणूस दारात उभा राहतो. सासऱ्यांनी हयातीत एका पतसंस्थेकडून विहिरीसाठी सहा लाख घेतले होते. जमीन तारण न देता, नुसत्या जामिनाच्या सह्यांवर. पतसंस्था म्हणते, मयताच्या मालमत्तेतून आधी आमचं कर्ज, मग सुनेचा निर्वाह.

याच कायद्याचं कलम 26 पतसंस्थेच्या बाजूनं बोलतं. मयतानं काढलेलं किंवा मयतानं देणं लागत असलेलं कोणतंही कर्ज अवलंबितांच्या निर्वाहाच्या आधी येतं. कर्ज विहिरीसाठी होतं की लग्नाच्या मांडवासाठी, हे कलम विचारत नाही. एवढंच नाही. सुमनला महिन्याला किती द्यायचं हे ठरवतानाही, कर्ज वजा जाता मालमत्ता किती उरते ते कोर्टानं बघायचं, असं कलम 23 म्हणतं. आमचं मत विचाराल तर हा नियम कठोर आहे. पतसंस्थेनं पैसे देताना जामीन घेतले, व्याज लावलं, जोखीम मोजली. सुमननं त्या घरात राबताना यातलं काहीच केलं नव्हतं. जग सगळीकडं असंच चालतं असंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मयताच्या मालमत्तेतून विधवेला आणि लहान मुलांना एक वर्षाचा निर्वाह आधी काढून ठेवतात. घेणेकरी फार तर रक्कम जास्त झाली अशी हरकत घेऊ शकतो, पण त्याचा नंबर मागं. आपल्याकडं नियम उलटा आहे, आणि आपल्याला आजच्या कायद्यातच वाट काढायची आहे.

ती वाट पुढच्याच कलमात आहे. कलम 27 म्हणतं की, निर्वाहाचा हक्क हा मालमत्तेवरचा बोजा नसतो, पण तो बोजा करता येतो. मयताच्या मृत्युपत्रानं, कोर्टाच्या हुकूमनाम्यानं किंवा मालमत्तेच्या मालकाशी केलेल्या करारानं. आणि बोजा झाला की कलम 26 चा ‘कर्ज आधी’ हा नियम त्याच्यापुढं चालत नाही.

बोजा शब्द आपल्याला नवा नाही. सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो. जमीन कुणाकडंही गेली तरी तो बोजा तिच्याबरोबर जातो. अन्नवस्त्राचंही तसंच करता येतं, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

आता सुमनच्या स्टॅम्पकडं परत बघू. त्यात ‘देईन’ असं लिहिलंय. कशातून देईन ते लिहिलेलं नाही. गट नंबर नाही, बोजा शब्द नाही, नोंदणी नाही. म्हणून तो नुसता शब्द राहिला. त्याच कागदात ‘गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, या जमिनीवर या रकमेचा बोजा राहील’ एवढी एक ओळ असती, तो दुय्यम निबंधकाकडं नोंदवला असता आणि त्यावरून फेरफार होऊन सातबाऱ्यावर नोंद आली असती, तर पतसंस्थेला सुमनचा हक्क मान्य करूनच पुढं जावं लागलं असतं. जमीन विकली गेली असती तरी घेणाऱ्यानं सुमनच्या बोजासकट घेतली असती. नोंदणीचा खर्च येतो, हेलपाटे पडतात, सासरे कुरकुरतात. पण हे काम माणूस जिवंत असताना आणि मन मऊ असतानाच होतं.

कोर्टातून निर्वाह मागतानाही हेच. नुसता ‘दरमहा अमुक रुपये द्यावेत’ असा हुकूमनामा झाला, तर त्यानं आपोआप बोजा होत नाही. दाव्यातच मागणी हवी की, ही रक्कम अमुक गटावर बोजा म्हणून ठेवावी. वकिलाला हे आठवणीनं सांगा. वकील हुशार असतात, पण त्यांच्याकडं कामं फार असतात.

बोजा केला म्हणजे घेणेकरी गप्प बसेल असंही नाही. त्याचं पहिलं म्हणणं असतं की आमचं गहाणखत आधीचं आहे. ते खरं असेल तर तोच पुढं. जमीन आधीच गहाण असेल किंवा सोसायटीचा बोजा आधी चढलेला असेल, तर आपला बोजा त्याच्या मागं उभा राहतो. दुसरं म्हणणं असतं की हा कागद कर्ज बुडवायला केलाय. सासऱ्यांवर जप्ती येणार हे दिसल्यावर घाईघाईनं सुनेच्या नावानं मोठ्या रकमेचा बोजा चढवला, तर कोर्ट तो मोडू शकतं. म्हणून रक्कम घराच्या ऐपतीला शोभेल अशी ठेवा, आणि ठरल्याप्रमाणे पैसे खरंच मिळत राहिल्याचा पुरावा ठेवा. बँक खात्यावर घेतलेत तर उत्तम.

काही घरांत पैशांऐवजी जमिनीचा तुकडाच बाईला तोडून देतात. हे आम्हाला जास्त पसंत आहे. आंध्रातल्या तुलसम्मांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली यावर मोठा निकाल दिला. त्यांच्या पतीचं निधन 1931 साली झालं होतं. निर्वाहासाठी भांडून 1949 साली तडजोडीत त्यांना जमीन मिळाली, पण ‘हयातीपुरती’ अशा अटीवर. पुढं त्यांनी त्यातली काही विकली तेव्हा दिरानं हरकत घेतली. न्यायालय म्हणालं, निर्वाहाचा हक्क तिचा आधीपासूनचा होता, त्याच्या बदल्यात मिळालेली जमीन हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नं तिच्या पूर्ण मालकीची झाली. जमीन बाईच्या मालकीची झाली म्हणजे ती सासऱ्यांची किंवा दिराची मालमत्ता राहिली नाही. मग त्यांच्या नंतरच्या कर्जासाठी ती जप्त कशी होणार? तरीही कागदात कुणी ‘हयातीपुरती’ हे शब्द घालायला निघालं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक बाईचा हक्क तुलसम्मांसारखा आधीचाच ठरेल असं नसतं.

आणि सुमनसारखा बोजा झालेलाच नसेल तर? तरी हातपाय गाळायचे नाहीत. पतसंस्थेनं आपलं कर्ज आधी सिद्ध करायला हवं. मूळ कागद, किती फेडलं, व्याज कसं लावलं, सगळं मागा. कर्ज मुदतीत आहे का बघा. वचनचिठ्ठीवरच्या साध्या कर्जासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, गहाणाच्या कर्जासाठी बारा. आणि लिलावाची वेळ आलीच, तर कर्ज फिटेल तेवढ्याच भागाचा लिलाव करायचा असतो. चार एकरांतल्या दीड एकरात भागत असेल, तर उरलेल्या अडीच एकरांना हात लावायचं कारण नाही. उरलेल्या जमिनीतून सुमनचा निर्वाह निघतोच. ही मागणी आपण होऊन कोर्टापुढं करावी लागते.

आता हक्काची हद्द. सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते.

नवऱ्याचं कर्ज हे नवऱ्याच्या मालमत्तेचं कर्ज असतं. तुम्ही वारस म्हणून जेवढं घेतलं, तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 चा हाच अर्थ. त्यानं एक एकर आणि एक बैलजोडी मागं ठेवली आणि कर्ज दहा लाख असलं, तरी उरलेल्यासाठी तुमच्या मजुरीवर, शिलाईयंत्रावर किंवा बचत गटातल्या तुमच्या पैशावर घेणेकरी हात टाकू शकत नाही. फक्त नवऱ्याच्या मालमत्तेचं काय केलं याचा हिशोब तुमच्याकडं हवा. बैलजोडी विकून दवाखान्याचं बिल भरलं असेल, तर पावती जपून ठेवा.

माहेरचं स्त्रीधन तुमचं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे 1500 रुपये तुमचे. ते नवऱ्याच्या मालमत्तेतून आलेले नाहीत. शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर शासन वारसांना एक लाखाची मदत देतं. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून असतात. तीही मयताची कमाई नव्हे, मागं राहिलेल्यांना दिलेली मदत आहे. नवरा कारखान्यात असेल तर भविष्य निर्वाह निधीतली रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला मिळते, आणि ती मयताच्या कर्जापासून मोकळी असते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा एक जुना कायदा आहे. त्याखाली नवऱ्यानं बायको-मुलांसाठी म्हणून विमा काढला असेल, तर ते पैसे त्याच्या मालमत्तेत धरतच नाहीत. विमा काढताना एजंटाला तसं सांगून वेगळा फॉर्म भरावा लागतो. नवरा जिवंत आहे अशा मैत्रिणींनी हे आज रात्री जेवताना बोलायला हरकत नाही.

जप्तीलाही मर्यादा आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीनुसार बाईनं अंगावेगळा न करायचा दागिना यांना बेलीफानं हात लावायचा नसतो. शेतीवर पोट असणाऱ्याची अवजारं, गरजेपुरती जनावरं, बियाणं आणि राहतं घरही त्यातून वगळलेलं आहे. मात्र घर गहाण दिलं असेल तर हे संरक्षण नाही. आणि पुढं मिळायच्या निर्वाहाचा हक्क जप्त करता येत नाही. म्हणजे सुमनला उद्यापासून मिळायची पोटगी तिच्या स्वतःच्या एखाद्या कर्जापोटी ओढून नेता येणार नाही.

बँकेतल्या ठेवीचं मात्र वेगळं आहे. नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी ती रक्कम नवऱ्याच्या मालमत्तेतच मोजली जाते आणि कर्जाला उत्तरदायी राहते. नवऱ्याचं पासबुक जरूर चाळा. वर्षातून एकदा 436 किंवा 20 रुपये कापलेले दिसले, तर दोन लाखांचा सरकारी विमा असण्याची शक्यता आहे. 436 चा कोणत्याही मृत्यूला, 20 चा अपघाताला. लगेच बँकेत विचारा.

हे सगळं संरक्षण एका सहीनं जातं. ‘वहिनी, नुसती ओळख म्हणून सही करा’, असं म्हणत जो कागद पुढं येतो, त्यात बहुतेक वेळा ‘हे कर्ज मला मान्य असून मी ते फेडीन’ असं असतं. अशा सहीनं नवऱ्याचं कर्ज तुमचं स्वतःचं होऊ शकतं. मुदत संपलेलं मेलेलं कर्जसुद्धा लेखी वचन दिल्यावर पुन्हा जिवंत होतं. दिवसकार्य होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असा ठराव आपल्या गटानं करून ठेवला तर बाईला ‘गटाला विचारते’ म्हणता येतं. पण नवरा जिवंत असतानाच तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज तुमचंच आहे. तिथं वर सांगितलेली मर्यादा लागू नाही.

सावकारासाठी तर वेगळा कायदाच आहे, महाराष्ट्र सावकारी अधिनियम, 2014. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही, उलट विनापरवाना सावकारी हाच गुन्हा आहे. परवाना असला तरी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपल्या आजीच्या तोंडचा दामदुप्पट तो हाच. आणि कर्ज म्हणून पैसे देऊन जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराची चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. त्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं, म्हणजे सहकारी संस्थांच्या कार्यालयात, अर्ज करायचा.

आतापर्यंत सांगितलेला निर्वाहाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख मैत्रिणींना लागू होतो. आदिवासी मैत्रिणींना तो आपोआप लागू होत नाही, तिथं रूढी बघतात. मुस्लिम मैत्रिणींची बाजू एका अर्थानं वेगळी आहे. त्यांच्याकडंही वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं असतं, पण न दिलेला मेहर हेच नवऱ्यावरचं कर्ज असतं. म्हणजे ती बाई स्वतःच घेणेकऱ्यांच्या रांगेत, त्यांच्या बरोबरीनं उभी राहते. निकाहनाम्यात मेहरची रक्कम स्पष्ट लिहिलेली असणं म्हणूनच महत्त्वाचं.

वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर हे ऐका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन करायचा तर 15100. निर्वाहाच्या दाव्यात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. जाताना मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ, वारस नोंदीचा फेरफार, पासबुक आणि घेणेकऱ्यानं दाखवलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स बरोबर घ्या. झेरॉक्स द्यायला तो नाही म्हणाला, तर कुणाच्या समोर आणि कोणत्या तारखेला नाही म्हणाला, ते वहीत लिहून ठेवा.